बंदीनंतरचे बिऱ्हाड



कामगार चळवळीत हयात गेलेल्या माणसाने मोबाइलवरील करमणुकीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण घाम कोणाचा, हत्यार कोणाचे आणि वही कोणाच्या ताब्यात, हे प्रश्न जेथे उभे राहतात तेथे आम्हाला तोंड उघडावेच लागते.

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडून तेव्हा दोन आठवडे झाले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ प्रमाणे देशाचे सार्वभौमत्व व सुरक्षितता यांसाठी असा आदेश काढता येतो. बंदी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नव्हे. बंदीनंतर माणसांचे काय झाले, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

आमच्या संघटनेतील एका हमालाचा मुलगा आपल्या वर्धेकडच्या बोलीत नकला करून टिकटॉकवर टाकीत असे. हजारो माणसे त्या पाहत. बंदीनंतर तो आमच्याकडे आला व म्हणाला, "काका, मले पाहनारे सारे गेले कुठी?" आम्ही हसून म्हटले, "पोरखेळ गेला, बरे झाले. आता अभ्यास कर." हे आमचे चुकले. गिरणी बंद पडते तेव्हा विणकराच्या बोटांतील कसब जात नाही. पण माग मालकाचा, म्हणून तो रिकामा होतो. या मुलाचे तेच झाले. नकला त्याच्या, फोन त्याचा. मात्र पाहणाऱ्यांची यादी कंपनीच्या वहीत होती, आणि वही गेली.

मग ही माणसे गेली कोठे? चिंगारी, मोज, जोश अशी देशी ॲपे पुढे आली व अनेकांनी ती घेतलीही. पण ८ जुलैलाच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले, आणि पुष्कळांनी अखेर तेथेच बिऱ्हाड केले. या दोन्ही कंपन्या अमेरिकन. सेवाग्रामच्या जिल्ह्यात आम्ही हे स्पष्ट सांगितले पाहिजे की चिनी दुकान सोडून अमेरिकन दुकानात जाणे म्हणजे स्वदेशी नव्हे. तरीही लोकांना दोष देऊ नये. नातलग, मित्र, गिऱ्हाईक तेथे आधीच होते. आणि जेथे माणसे जमतात तेथेच बाजार भरतो.

उलट उदाहरण अमेरिकेचे. तेथे टिकटॉकवरील बंदी १९ जानेवारी २०२५ पासून लागू व्हायची होती. त्याआधीच लाखो अमेरिकनांनी झिआओहोंगशू या चिनी ॲपाकडे धाव घेतली. बातम्यांनुसार दोन दिवसांत सात लाखांवर. चिनी अक्षर कळत नव्हते, तरी भाषांतराच्या आधाराने ते तिकडच्या लोकांशी बोलू लागले. आपल्या सरकारवरचा राग त्यात होता. टिकटॉक एका दिवसाच्या आत पुन्हा चालू झाले आणि ती लाट ओसरली. रागाने माणूस घर सोडतो, पण वस्ती सोबत्यांजवळ करतो.

उपाय काय? २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. ग्राहक बांधील राहिला नाही. युरोपात २०१८ पासून आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता. २०२३ च्या कायद्यात मात्र तो नाही. यादी ज्याच्या श्रमाने जमली, त्याला ती बरोबर नेता आली पाहिजे, ही मागणी आपण केली पाहिजे.

तोवर काय करावे? संघटनेचे सभासद-पुस्तक आम्ही कधी मालकाच्या कचेरीत ठेवले नाही. तो मुलगा आता आपल्या प्रेक्षकांचे फोन नंबर, त्यांनी दिले तर, स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. वही अजून लहान आहे. पण ती त्याची आहे.