कारखान्यातली जनसंपर्क इंटर्नशिप : दोन महिन्यांत आम्ही काय शिकलो?

‘फॅक्टरीत तुम्हा मुलींचं काय काम?’ इंटर्नशिपचं पत्र घेऊन घरी आलो, तेव्हा बडे अब्बूंनी पहिला प्रश्न हाच विचारला.

आम्ही दोघी खालाजाद बहिणी. एकीचे अब्बू एसटीत नोकरीला, दुसरीच्या घरी शिलाईचं दुकान. घरात डॉक्टर, फार्मसी, बी.एड. एवढेच रस्ते माहीत. जनसंपर्क म्हणजे साहेबांच्या मागे फाईल घेऊन फिरायचं, असा सगळ्यांचा समज. खरं सांगायचं तर आम्हालाही फार काही ठाऊक नव्हतं. पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोन महिने काढले. तिथे जे पाहिलं ते आपल्या घराघरांतल्या मुलामुलींच्या आणि त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे लिहितोय.

हे काम नेमकं असतं काय?

कारखान्याशी किती माणसं जोडलेली असतात ते आधी मोजून पाहा. कायम कामगार, कंत्राटी कामगार, त्यांची कुटुंबं, माल घेणाऱ्या कंपन्या, शेजारची गावं, ग्रामपंचायत, सरकारी कार्यालयं, पत्रकार. या सगळ्यांना कंपनीकडून काही ना काही कळायला हवं असतं आणि त्यांचंही कंपनीला काही सांगायचं असतं. ही देवाणघेवाण नीट चालू ठेवणं म्हणजे जनसंपर्क.

जाहिरात वेगळी. जाहिरातीची जागा पैसे देऊन घेतात, त्यामुळे तिच्यात काय असावं ते कंपनी ठरवते. बातमीसाठी पाठवलेली प्रेसनोट छापायची की टोपलीत टाकायची, हे संपादक ठरवतो. म्हणून तिच्यात वाचकाच्या कामाचं काही तरी असावंच लागतं.

आमच्या वाट्याला आलेली कामं साधीच होती. कंपनीच्या अंकासाठी मजकूर गोळा करणं, सूचनाफलकावरच्या नोटिसा लिहिणं, कारखाना पाहायला आलेल्या कॉलेजच्या मुलांना फिरवणं, ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाची तयारी. गावच्या शाळेत सीएसआरमधून झालेल्या कामाचे फोटोही काढले. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कामाची माहिती लोकांपर्यंत नेणं हेही बऱ्याच ठिकाणी याच विभागाकडे असतं.

आधी पायाला सेफ्टी शूज, मग हातात पेन

पहिला आठवडा आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, ‘शॉपफ्लोअर पाहिल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही.’ सेफ्टी शूज, हेल्मेट, गॉगल मिळाले. दुपट्टा ॲप्रनच्या आत घट्ट बांधायला लावला, कारण फिरत्या मशीनजवळ सैल कापड म्हणजे जिवाशी खेळ. हिजाबचंही तसंच, टोकं आत खोचलेली हवीत. कुणी टोमणा मारला नाही की वाद घातला नाही. सुरक्षेचा नियम सगळ्यांना सारखा होता.

पहिला धडा बसच्या नोटिशीने दिला. दुसऱ्या पाळीची बस वीस मिनिटं आधी सुटणार, अशी नोटीस लागली होती, छान टाइप केलेली, इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस माणसं हायवेवर उभी! त्यांत विदर्भातले होते, बिहार-ओडिशाचे होते. सुपरवायझर म्हणत होते, ‘नोटीस लावली होती ना?’ मॅडमनी आम्हाला एवढंच विचारलं, ‘ही वाचणार कोण होतं?’ मग तीच नोटीस आम्ही मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहिली. वर फक्त बसची वेळ, खाली बाकीचं. ती कॅन्टीनच्या हात धुण्याच्या नळाजवळ लावली, कारण तिथे प्रत्येक जण थांबतोच.

तेव्हापासून काहीही लिहायला बसलो की हा प्रश्न आधी येतो.

‘किरकोळ’ या शब्दाची गोष्ट

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी पॉवर प्रेसवर एका कंत्राटी कामगाराच्या उजव्या हाताची दोन बोटं सापडली. ॲम्ब्युलन्स गेली. अर्ध्या तासात गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागलं की कंपनीत स्फोट झाला, दोन गेले. गेटवर बायका जमल्या, कुणाचा नवरा आत होता, कुणाचा भाऊ. पत्रकारांचे फोन सुरू झाले.

आम्ही घाबरून चार ओळींचं निवेदन लिहिलं. त्यात होतं, ‘एका कामगाराला किरकोळ दुखापत झाली.’ मॅडमनी ‘किरकोळ’वर रेघ मारली. म्हणाल्या, ‘डॉक्टरांनी सांगितलं का किरकोळ? त्याच हाताने तो घर चालवतो. त्याच्या बायकोने उद्या हे वाचलं तर?’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. वाईट हेतूने लिहिलं नव्हतं, पण तो शब्द कंपनीची लाज झाकायला आला होता, एवढं खरं. वरच्या एका साहेबांनी तो शब्द परत घालायला सांगितलं. मॅडम अडून बसल्या. शेवटी निवेदनात एवढंच गेलं : किती वाजता, कोणत्या विभागात, किती जण जखमी, दुखापत कुठे, उपचार सुरू आहेत, स्फोट झालेला नाही, बाकी सर्व कामगार सुरक्षित आहेत. कारण लिहिलं नाही, कारण चौकशी व्हायची होती. ‘चौकशी सुरू आहे, उद्या दुपारी पुढची माहिती देऊ’ असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच दिली.

क्रमही तेव्हाच कळला. सगळ्यात आधी जखमीच्या घरी फोन, तोही त्याच्या ओळखीच्या माणसाकडून. मग आतले कामगार. मग गेटवर जमलेली माणसं आणि सरपंच. पत्रकार त्यानंतर. असा अपघात सरकारी यंत्रणेला कळवणं तर कायद्यानेच बंधनकारक असतं, ते काम सुरक्षा अधिकारी करत होते.

गेटजवळ एक मोठा फलक होता, ‘अपघाताविना दिवस’. आदल्या दिवशी त्यावर तीन आकडी संख्या होती. सकाळी आलो तर तिथे शून्य. कुणालाच ते आवडलं नव्हतं. पण ज्यांनी रात्रीचा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता, त्यांनी त्या शून्यामुळेच बाकीच्या निवेदनावर विश्वास ठेवला, असं आम्हाला वाटतं.

जगाने हा धडा मोठी किंमत देऊन शिकला

नंतर आम्ही यावर थोडं वाचलं. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५०हून जास्त माणसं दगावली. तेव्हा रेल्वे कंपन्या अपघात दडवायच्या. या कंपनीचं काम पाहणाऱ्या आयव्ही ली यांनी उलट केलं. पत्रकारांना घटनास्थळी नेलं आणि काय घडलं त्याचं निवेदन काढलं. आज ज्याला प्रेसनोट म्हणतात, तिची सुरुवात अनेक जण इथून मानतात.

आपल्या देशातली आठवण फार कडू आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसं मेली. कारखान्याला लागून वस्त्या होत्या, पण आत काय साठवलंय आणि गळती झाली तर काय करायचं, हे तिथल्या लोकांना सांगितलेलं नव्हतं. लोक रस्त्यावर धावत सुटले आणि वायू त्यांच्या छातीत गेला. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढी माहितीही आधी असती तर काही जीव वाचले असते. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्याने कामगारांना आणि आसपासच्या जनतेला धोक्याची व बचावाची माहिती देणं बंधनकारक झालं.

आपल्यातली कितीतरी कुटुंबं औद्योगिक वसाहतींच्या कडेला राहतात. शेजारच्या कारखान्यात काय बनतं, भोंगा वाजला तर कुठे जायचं, हे विचारणं आपला हक्क आहे.

आपल्या संस्थांनाही हे लागू आहे

‘पेपरवाले आपलं छापत नाहीत’ ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. काही वेळा ती खरीही असते. पण आपण देतो काय, तेही पाहू. कार्यक्रम संपल्यावर रात्री दहाला पाठवलेली नोट, त्यात पाहुण्यांची बारा नावं आणि किती मुलांना शिष्यवृत्ती मिळाली याचा पत्ता नाही! आम्ही शिकलेली पद्धत सोपी आहे. पहिल्या दोन ओळींत काय, कुठे, कधी, किती आणि कुणासाठी. नावं शेवटी. आकडा दोनदा तपासलेला. एक चांगला फोटो आणि विचारणा करायला एकच फोन नंबर.

अफवेच्या वेळी तर याची जास्तच गरज. मशिदीचा ट्रस्ट असो, शाळा असो की जमात, बोलणारा माणूस आधीच ठरलेला असावा. त्याने माहीत असेल तेवढंच सांगावं, माहीत नसेल ते केव्हा कळेल ते सांगावं. दहा जण दहा गोष्टी बोलले की अफवेचंच फावतं.

पालकांनी आणि मुलांनी काय पाहावं?

शिकायचं असेल तर पत्रकारिता किंवा जनसंज्ञापनाची पदवी चालते. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आणि मुंबई विद्यापीठाची गरवारे संस्था या क्षेत्रात ओळखीच्या आहेत. मराठी, हिंदी, थोडी उर्दू आणि कामापुरती इंग्रजी येत असेल तर आपली मुलं इथे मागे नाहीत. आमच्या दख्खनी बोलीवर घरी हसायचे, पण शॉपफ्लोअरवर तिच्यामुळेच लोक मोकळे बोलले.

इंटर्नशिप घेताना पत्र लेखी घ्या. कालावधी, वेळ, मानधन आहे की नाही, कोणाच्या हाताखाली काम, शेवटी प्रमाणपत्र मिळणार का, हे त्यात असावं. जाण्या-येण्याची बस विचारा. मुलींच्या घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं कुठे लावलीत, हे पहिल्याच दिवशी विचारा. यात संकोच कसला?

आणि मुलांनो, तुम्हाला एखादा शब्द खोडायला लावला तर रागावू नका. आधी तो का लिहिला होता, ते स्वतःला विचारा.

परवा बडे अब्बूंनी मोहल्ल्यातल्या शाळेच्या प्रवेशाची नोटीस आमच्याकडे आणून दिली. ‘जरा चांगल्या भाषेत लिहून द्या,’ म्हणाले. आम्ही विचारलं, ‘ही वाचणार कोण?’ ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘आया. त्या पाणी भरायला येतात ना, तिथे लावू.’