पाचव्याची भानगड

शाळेत प्रमेय म्हटलं की पक्ष, साध्य, सिद्धता हा क्रम ठरलेला. गृहीतकाला मात्र सिद्धता कोणी मागत नाही. का? प्रत्येक प्रमेय आधीच्या कशावर तरी उभं असतं. मागे मागे जात कुठेतरी थांबावंच लागतं, आणि युक्लिड पाच गृहीतकांवर थांबला.

पहिली चार कुणालाही पटतील. घोळ घातला पाचव्यानं. शाळेतल्या भाषेत, रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते. युक्लिडचं मूळ विधान इतकं लांबलचक की लोकांना वाटे, हे प्रमेयच असणार! जवळजवळ दोन हजार वर्षं त्याची सिद्धता शोधणं चाललं. हंगेरीच्या फार्कश बोयाईनं त्यात आयुष्याची उमेद घालवली आणि मुलाला पत्रातून बजावलं, या भानगडीत पडू नकोस. मुलगा यानोश लष्करात इंजिनिअर (आपलाच भाऊबंद), तो कसला ऐकतोय! एकाहून जास्त समांतर रेषा मानून त्यानं नवीच भूमिती उभी केली. १८३२ मध्ये ती छापली गेली, तीही वडिलांच्याच पुस्तकाचं परिशिष्ट म्हणून. रशियात लोबाचेव्हस्कीनं असंच काम १८२९ पासून प्रसिद्ध केलं होतं.

या भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते. युक्लिडची भूमिती विसंगत नसेल तर हीसुद्धा नाही, हे बेल्ट्रामीनं १८६८ मध्ये दाखवलं. म्हणजे १८० अंशांचं प्रमेय खरं, पण पाचवं मानलं तरच. पायथागोरसचंही तेच.

व्हायव्हात कोणी ही बेरीज विचारली तर ‘कोणत्या भूमितीत, सर?’ असं विचारायला हरकत नाही. फक्त इंटर्नलचे मार्क आधी लागू द्या.