रब्बीची मुलगी : अर्नेस्टीन रोझ

अर्नेस्टीन रोझ यांचा जन्म १८१० साली पोलंडमध्ये एका रब्बीच्या घरी झाला. सोळाव्या वर्षी वडिलांनी परस्पर सोयरीक जमवली आणि तिच्या आईकडून आलेली मालमत्ता हुंड्यात लिहून दिली. मुलीने लग्नाला नकार दिला, कोर्टात स्वतः बाजू मांडली आणि मालमत्ता राखली.

पुढे लंडनमार्गे त्या न्यूयॉर्कला गेल्या. लग्नानंतरही स्त्रीची मालमत्ता तिच्याच नावे राहावी, असा अर्ज घेऊन त्या १८३६ साली दारोदार फिरल्या. पाच महिन्यांत सह्या मिळाल्या पाच! तरी त्या, आणि मागाहून इतर स्त्रियाही, झटत राहिल्या. १८४८ साली तिथे तसा कायदा झाला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली.

अर्नेस्टीनबाईंनी धर्म सोडला होता. पण १८६३ साली त्यांच्याच मताच्या एका संपादकाने यहुद्यांची निंदा केली, तेव्हा त्यांनी त्याला छापील उत्तरे दिली. देवळात न जाणारी ही बाई आपल्या माणसांसाठी उभी राहिली.

१८९२ साली त्या ब्राइटनला वारल्या. त्यांची कबर लंडनमध्ये हायगेटला आहे.

घरी आजीला विचारा : लग्नानंतर तुझ्या नावावर काय होते?