पालं पडली की चोरी होते?

जालन्याहून भोकरदनला जाताना राजूर मागे पडलं की केदारखेडा लागतं. तिथं थांब्यावर चहा घेत होतो. रस्त्यापलीकडे, शेताच्या कडेला तीन-चार पालं दिसत होती. शेजारच्या बाकावरचे बाबा तिकडं बघत मला म्हणाले, "पालं पडले का भाऊ, आठ दिसांत चोरी व्हतीच. रक्तातच हाय त्यांच्या." बाबा भला माणूस. माझ्या चहाचे पैसेसुद्धा त्यांनीच दिले. तुमच्याकडे कधी चोरी झाली का, असं विचारलं तर म्हणाले, "आमच्याकडं नाही, पण होती ना."

हेच वाक्य मी परतूरला ऐकलंय, बीडला ऐकलंय, पुण्यात चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. शब्दही तेच, 'रक्तातच'. एखादं पारधी कुटुंब गावाच्या कडेला राहायला आलं, दोन पावसाळे तिथंच काढले, मूल शाळेत घालू म्हणालं की हे वाक्य त्यांच्या आधी ग्रामपंचायतीत पोचलेलं असतं. म्हणून त्याचा एकदा नीट हिशेब करायला हवा.

रक्तात चोरी नसते, हे समजावत बसण्यात अर्थ नाही. तेवढं विज्ञान सगळ्यांचं झालेलं आहे. प्रश्न असा की हे वाक्य आलं कुठून? ते जुन्या जाणत्यांचं शहाणपण नाही. त्याला तारीख आहे. 1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचं तर्कट असं, की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा लोहार, तेव्हा गुन्हा हासुद्धा काही जातींचा पिढीजात धंदाच असणार. मग माणसानं काय केलं हे तपासायची गरजच उरली नाही. अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, नावं वहीत चढवायची, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची. गावाबाहेर जायचं तर पास हवा, बिनपासाचा सापडला तर शिक्षा. आधी उत्तर हिंदुस्थानात सुरू झालेला हा कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. त्या भागाला आजही 'सेटलमेंट'च म्हणतात. 1897 च्या दुरुस्तीनं तर मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची मुभा दिली. चार वर्षांचं लेकरू काय चोरणार होतं?

आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता हे खरं. पण भोकरदनला खेटून बुलढाणा, म्हणजे इंग्रजांच्या कारभाराखालचं वऱ्हाड. फिरस्त्या माणसाला ती सरहद्द कायमच ओलांडावी लागायची.

हा कायदा 81 वर्षं चालला. देश स्वतंत्र झाला तेव्हाही सुमारे सव्वाशे जमाती त्या यादीत होत्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. स्वातंत्र्य मिळालं त्यानंतर पाच वर्षांनी या माणसांची हजेरी सुटली. पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमातीचं नाव नाही, प्रत्येक माणसाचा वेगळा विचार करायचा असं कागदावर आहे. पोलीस ठाण्यातली जुनी नजर मात्र कागदानं बदलत नाही.

हा शिक्का बसण्याआधी पारधी काय करत होता? नावातच आहे, पारध. फासेपारध्याचा फास बघितलाय का कुणी? तित्तर-लाव्यांच्या वाटेवर बारीक फासांची ओळच्या ओळ मांडायची आणि पाखरं हळूहळू तिकडं हाकायची. गायपारधी शिकवलेली गाय पुढं चरत न्यायचा आणि तिच्या आडोशानं, तिच्या पावलाशी पाऊल जुळवत, हरणांच्या कळपाजवळ पोचायचा. पिकात हरणं शिरली की शेतकरी त्याची वाट बघायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. ती व्हायलाच हवी होती. पण ज्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका कायद्यानं गुन्हा ठरला, त्याला त्या बदल्यात एकरभर रान द्यावं, हे कुणाला सुचलं नाही. मराठवाड्यात कितीतरी पारधी कुटुंबं आज दुसऱ्यांच्या शेताची राखण करतात. जन्मजात चोर म्हणायचं आणि उभं पीक त्याच्याच भरवशावर टाकून रात्री घरी झोपायचं, या दोन गोष्टी एका गावात कशा नांदतात?

राजर्षी शाहू महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. 1918 मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना सोनतळीला राहायला जागा दिली, काम दिलं, पहाऱ्यावर नेमलं. माणसं तीच होती. बाकी सगळीकडे त्यांच्यावर पहारा होता, तिथं ती स्वतः पहारा देत होती.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "मग पकडले कसे जातात?" इथं माझा धीर सुटतो. रात्री गावात चोरी होते. सकाळी पहिला प्रश्न पडतो, नवीन कोण आलंय? पालं दिसतात. त्यातले दोन-तीन गडी उचलले जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात 'पारधी टोळी जेरबंद' अशी बातमी. तीन महिन्यांनी, वर्षानं ते सुटतात, त्याची बातमी येत नाही. पुढच्या चोरीला पुन्हा त्यांनाच उचलतात, कारण 'रेकॉर्डवर' आहेत. अटक हा गुन्ह्याचा पुरावा नसतो, हे आपल्या भाच्याला उचललं की लगेच कळतं. आणि इतर कुठल्या जातीच्या चोराची जात मथळ्यात छापतात, ते मला कुणी तरी दाखवा. पारध्यांत चोर नाहीत असं मी म्हणत नाही. सगळ्या जातींत आहेत. बाकीच्यांचा चोर एकटा पकडला जातो, पारध्याचा पकडला की अख्खी जमात पकडली जाते.

माझ्यावर विश्वास नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 3 ऑक्टोबर 2024 चा निकाल बघा. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवरून कामं वाटली जात होती आणि विमुक्त जमातींना गुन्ह्याची सवय असलेले म्हणून वेगळं काढलं जात होतं. न्यायालयानं असे नियम घटनाबाह्य ठरवून रद्द केले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही बजावलं. कायदा रद्द झाल्यावर 72 वर्षांनी हे सांगावं लागलं.

'रक्तातच' या वाक्याचा शेवट कुठं होतो तेही बघितलंय आपण. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवर आधीच पसरलेली. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. कोण, कुठले, हे कुणाला जाणून घ्यायचं नव्हतं.

सगळे भटके एकच, हा गैरसमजही त्याच वाक्यातून येतो. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत आहेत, वडार विमुक्त जातींत, डवरी गोसावी भटक्या जमातींत. बोली वेगळ्या, देव वेगळे, धंदे वेगळे.

"पारध्यांची बोली म्हणजे चोरांची खुणेची भाषा." ती गुजरातीच्या घराण्यातली बोली आहे, घरात आई लेकराशी बोलते ती. "आडनावं खोटी लावतात." भोसले, पवार, चव्हाण, काळे, शिंदे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची आडनावं आहेत, तुमच्या आडनावाइतकी खरी. "बाहेरचे आहेत, आपल्या गावाला जावं." कुठल्या गावाला? देशात कुठंही राहण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमानं दिलेला आहे. अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ग्रामसभेत हात वर करून तसा ठराव करता येत नाही.

"त्यांना पोरं शिकवायचीच नसतात." एका पारधी बाईबरोबर मी तिच्या मुलीच्या प्रवेशासाठी एका शाळेत गेलो होतो. जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवत होते. शिक्षण हक्क कायद्याचं 14 वं कलम वाचून दाखवलं: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मग झाला प्रवेश. ती बाई साक्षर नव्हती, पण ते कलम तिनं मला दोनदा म्हणायला लावलं, पाठ करायला.

"सरकार त्यांना सगळं फुकट देतं." द्यायला आधी जातीचा दाखला लागतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी कुटुंब 1950 पूर्वीपासून इथलं असल्याचा कागद मागतात. त्या बाईनं पालातल्या पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यासमोर उलटी केली. आधार कार्ड, मतदान कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी. 1950 च्या आधीचं काही नाही. तिच्या आज्याचं नाव शाळेच्या रजिस्टरात नव्हतं, सातबाऱ्यावर नव्हतं. सरकारनं ते कुठं लिहून ठेवलंच असेल, तर हजेरीच्या वहीत.