तोंडातली तरफ

लगामाचा जो धातूचा भाग प्रत्यक्ष घोड्याच्या तोंडात राहतो, त्याला कडियाळे म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन: स्नॅफलमध्ये स्वाराची ओढ कडीतून थेट जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांवर पोचते, तर कर्बमध्ये कडीऐवजी दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असून हनुवटीखाली साखळी असते आणि तीच ओढ तरफेच्या नियमाने वाढते. अमेरिकी गुराख्यांच्या परंपरेतून आलेल्या वेस्टर्न रपेटीत घोड्याला पहिल्यावरून दुसऱ्यावर आणताना मधले, सौम्य कडियाळे देतात. हा विषय पालघर-बोईसरच्या वाचकाला दूरचा वाटेल. परंतु केळव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्याचा लगाम तर दिवसभर नवख्या हातांत जात असतो, आणि अशा तोंडाला सौम्य साधनाची गरज अधिकच असते.

तरफेची गरज एका हाताने लगाम धरण्यातून निर्माण होते. गुराख्याला दुसरा हात दोराच्या फासासाठी मोकळा लागे; ज्या मराठी फौजेने १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, तिच्यातील भालाईत स्वारालाही उजवा हात भाल्यासाठी मोकळा ठेवावा लागे. अशा वेळी घोडा ओढीने नव्हे, तर मानेवर टेकणाऱ्या दोरीने आणि स्वाराच्या बैठकीने वळतो, आणि कडियाळ्याने केवळ सूचना द्यावयाची असते.

घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये, जेथे कडियाळे बसते, तेथे हिरडीचा मोकळा पट्टा असतो. त्याखालचे हाड कडेला धारदार आणि वरचे आवरण पातळ असल्यामुळे तेथे दुखापत लवकर होते. दांडीचा तोंडाच्या वरचा भाग चार सेंटिमीटर आणि खालचा बारा असेल, तर हनुवटीच्या साखळीवर हाताच्या ओढीच्या सुमारे तिप्पट ताण येतो आणि हिरडीवर व जिभेवर मिळून चौपट दाब पडतो. म्हणून मधल्या टप्प्यासाठी आखूड दांडी निवडावी: वर पाच आणि खाली सात सेंटिमीटर असल्यास साखळीवरचा ताण दीडपटीच्या आतच राहतो. मागे वळलेली दांडी सरळ दांडीपेक्षा सावकाश फिरते, त्यामुळे दाब येण्यापूर्वी घोड्याला इशारा मिळतो आणि त्याला प्रतिसाद द्यायला अवधी राहतो. दांड्या सांध्यात सैल फिरणाऱ्या असाव्यात, म्हणजे डावी-उजवी सूचना वेगवेगळी पोचते.

सर्वांत फसवा भाग तोंडातल्या दांडीचा. मध्ये एकच सांधा असलेली दांडी स्नॅफलसारखी दिसते म्हणून सौम्य समजली जाते, पण तिला लांब दांड्या जोडल्या की ती अडकित्त्यासारखी मिटून जबडा चिमटते. त्यापेक्षा मध्ये छोटा तुकडा असलेली तीन तुकड्यांची दांडी जिभेवर दाब पसरवते. साखळी आणि हनुवटी यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत आणि बाजूची दांडी सुमारे पंचेचाळीस अंश फिरल्यावरच साखळी लागावी. दाढांच्या पुढे येणारा छोटा दात, ज्याला वुल्फ टूथ म्हणतात, तो आणि दाढांच्या तीक्ष्ण कडा पशुवैद्याने आधीच तपासलेल्या बऱ्या. अन्यथा दुखऱ्या दातामुळे मान झटकणारा घोडा हट्टी ठरवला जातो आणि त्याला आणखी कडक कडियाळे चढवले जाते, ही चूक सर्वत्र घडते.

समुद्रकाठी एक काळजी वेगळी घ्यावी लागते. खाऱ्या हवेने निकृष्ट मुलामा सुटून धातूवर बारीक खड्डे आणि खरखरीत कडा तयार होतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोट फिरवले की लागतात. म्हणून वापरानंतर कडियाळे गोड्या पाण्याने धुऊन पुसावे.

भारतात काटेरी कडियाळ्यांवर १९६५ च्या, ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या नियमांनी बंदी घातलेली आहे, आणि घोड्याला खरचटणारी किंवा तीव्र वेदना देणारी इतर साधनेही तिच्यात येतात. मात्र गुळगुळीत कडियाळेही लांब दांडीमुळे आणि जड हातामुळे क्रूर ठरू शकते. म्हणून घोडा भाड्याने देणाऱ्याने नवख्या स्वाराच्या हातात तरफेचा लगाम देऊच नये. साधे स्नॅफल लावावे आणि घोड्याची दोरी स्वतःच्या हातात ठेवावी.