निळ्या पर्वतांवरील नगरी

दक्षिण भारताच्या नकाशाकडे पाहिले म्हणजे दोन पर्वतरांगा सहज नजरेत भरतात. पश्चिमेस सह्याद्रीची अखंड रांग समुद्रकिनाऱ्याला समांतर अशी खाली उतरत जाते. पूर्वेकडून पूर्व घाटांच्या तुटक टेकड्या नैर्ऋत्येस वळत येतात. या दोहोंची भेट जेथे होते, तेथे एक विस्तीर्ण व उंच पठार उभे आहे. तेच नीलगिरी होय. या पठारावर, तमिळनाडू राज्यात, उदगमंडलम हे नगर वसलेले आहे. इंग्रजी अमदानीत त्यास उटकमंड म्हणत. लोकांच्या तोंडी मात्र ‘उटी’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले आहे.

उटीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही हे नगर सुमारे सहाशे मीटर उंच आहे! त्याच्या जवळच असलेले दोड्डबेट्टा हे शिखर २६३७ मीटर उंचीचे असून ते नीलगिरीतील सर्वांत उंच शिखर आहे. ‘दोड्डबेट्टा’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘मोठा डोंगर’ असा आहे.

दर हजार मीटर उंचीस हवेचे तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे वैशाखात पायथ्याची भूमी उन्हाने होरपळत असताना वरच्या पठारावर मात्र सुखद गारवा असतो. या गारव्याचे आकर्षण इंग्रज अधिकाऱ्यांना न वाटते तरच नवल. कोइमतूरचा जिल्हाधिकारी जॉन सलिव्हन हा १८१९ साली नीलगिरीवर चढून आला. पुढे त्याने येथे घर बांधले आणि प्रवाह अडवून एक तळे निर्माण केले. हळूहळू वस्ती वाढली आणि मद्रास इलाख्याचा कारभार उन्हाळ्यात येथून चालू लागला.

उटीला जाण्याचा सर्वांत रम्य मार्ग म्हणजे नीलगिरीची डोंगरी आगगाडी. पायथ्याच्या मेट्टुपालयम स्थानकापासून उटीपर्यंतचा हा लोहमार्ग ४६ किलोमीटर लांबीचा आहे. त्याची पहिली योजना १८५४ साली पुढे आली. पण प्रत्यक्ष कामास आरंभ व्हावयास १८९१ साल उजाडले. १८९९ मध्ये गाडी कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत धावू लागली. एवढ्या अंतरात गाडी ३२६ मीटर उंचीवरून २२०३ मीटर उंचीवर चढते. वाटेत २०८ वळणे, १६ बोगदे आणि २५० पूल लागतात.

काही ठिकाणी तर दर १२ मीटर अंतरास १ मीटर इतका तीव्र चढ आहे. अशा चढावर गुळगुळीत रुळांवरून चाके घसरावयाची. म्हणून कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात दोन रुळांच्या मधोमध दात असलेल्या पोलादी पट्ट्यांची जोडी बसविली आहे. इंजिनाच्या पोटाशी असलेली दातेरी चक्रे या दातांत अडकतात आणि शिडीची एकेक पायरी चढावी तशी गाडी वर सरकते. दोन्ही पट्ट्यांचे दात समोरासमोर नसून मागेपुढे ठेवलेले असतात. त्यामुळे एका चक्राची पकड सुटण्याच्या आत दुसऱ्याची पकड बसलेली असते. आणखी एक विशेष असा की, या चढावर इंजिन गाडीच्या पुढे नसून मागे असते. ते डब्यांना ओढीत नाही, ढकलते. म्हणून डबे निखळून खाली घसरण्याचे भय राहत नाही. २००५ साली या लोहमार्गाचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला.

गाडी जसजशी वर चढते, तसतसे दृश्य पालटत जाते. सुपारीच्या बागा मागे पडतात. दाट अरण्य व खोल दऱ्या लागतात. आणि कुन्नूरच्या आसपास चहाचे हिरवेगार मळे उतारांवर पसरलेले दिसतात. उटीच्या भोवती बटाटा, गाजर, कोबी यांची शेते आहेत. नगरात १८४८ साली आखलेले वनस्पती-उद्यान सुमारे २२ हेक्टर जागेत आहे. तेथे दर वर्षी मे महिन्यात पुष्पप्रदर्शन भरते. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा, दगड बनून गेलेला एक वृक्षाचा बुंधाही तेथे पाहावयास मिळतो.

परंतु नीलगिरीचे खरे वैभव बागेत नाही, ते रानात आहे. येथील डोंगरमाथ्यांवर गवताची कुरणे आणि त्यांच्या घळींत बुटक्या, सदाहरित वृक्षांची दाट राई असते. या राईला ‘शोला’ म्हणतात. पाऊस पडला, धुके उतरले, की पालापाचोळ्याने मऊ झालेली ही भूमी ते पाणी शोषून घेते आणि वर्षभर थोडेथोडे झऱ्यांवाटे सोडीत राहते. हे झरे भवानी नदीस मिळतात आणि भवानी पुढे कावेरीस मिळते. खालच्या मैदानातील शेतकऱ्याच्या पिकात डोंगरावरील गवताचाही असा वाटा असतो.

याच कुरणांवर कुरिंजीची झुडपे बारा वर्षांतून एकदा फुलतात आणि उतार निळ्या-जांभळ्या रंगाने झाकून जातात. नीलगिरी हे नाव या फुलांवरूनच पडले असावे, असे कित्येकांना वाटते. सह्याद्रीत काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी ही या कुरिंजीचीच बहीण होय.

या भूमीचे जुने रहिवासी तोडा, कोटा, कुरुंब व बडगा हे लोक आहेत. तोडा लोक म्हशींचे कळप पाळीत. म्हैस ही त्यांच्या दृष्टीने केवळ दुभते जनावर नसून पूज्य आहे. पिंप उभे चिरून आडवे ठेवावे तशा आकाराच्या त्यांच्या झोपड्या असतात. पांढऱ्या वस्त्रावर तांबड्या व काळ्या धाग्यांनी त्यांच्या स्त्रिया करतात ते भरतकाम फार सुबक असते.

नगर वाढले, तशी सरपणाची गरज वाढली आणि शोलांवर कुऱ्हाड पडली. मग इंधनासाठी ऑस्ट्रेलियातून भराभर वाढणारे वृक्ष आणून लावण्यात आले. सर्दी झाली म्हणजे महाराष्ट्रातील घराघरांत रुमालावर ज्याच्या तेलाचे थेंब टाकतात, तो निलगिरी वृक्ष हाच! मराठीत त्याला या पर्वताचे नाव मिळाले असले, तरी तो मूळचा येथला नव्हे. या परक्या वृक्षांनी कुरणे व्यापली. ते भूमीतील पाणी झपाट्याने ओढून घेतात. त्यामुळे कित्येक झरे क्षीण झाले आणि तोडांच्या म्हशींचे चरण्याचे रानही आटले. आता काही भागांत अशी झाडे काढून मूळचे गवत व शोला पुन्हा वाढविण्याचा प्रयत्न होत आहे; परंतु जे रान वाढावयास शतके लागली, ते थोड्या वर्षांत परत येत नाही.

आज प्रवाशांची गर्दी हाच येथील मोठा प्रश्न झाला आहे. म्हणून एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या वस्तूंना नीलगिरी जिल्ह्यात बंदी आहे आणि २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या वाहनांना आगाऊ परवाना घ्यावा लागतो. ही बंधने कोणास जाचक वाटतील. पण पाहुण्याने यजमानाच्या घराची रीत पाळावी, हे योग्यच नव्हे काय? थंड हवेसाठी चार दिवस आलेला प्रवासी आपल्या गावी परत जातो. झरे, कुरणे आणि त्यांवर जगणारी माणसे मात्र तेथेच राहतात. त्यांचे जीवन न बिघडविता जो त्या निळ्या पर्वतांचे सौंदर्य पाहून येतो, त्याचाच प्रवास सार्थकी लागला असे म्हणावे.