घरफोडीनंतरचा दुसरा ताप

भिवंडीतील माझ्या दवाखान्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ नियमित येतात. गोळ्या त्याच, पथ्य तेच. तरी सहा महिने रक्तदाब उतरेना. कारण अखेर पत्नीने सांगितले. घरफोडीचे दुःख ओसरले होते. पण विमा कंपनी दर पंधरवड्यास नवा कागद मागत होती. ‘त्यांना मी खोटारडा वाटतो,’ एवढेच ते पुटपुटले.

वाचकहो, हा संशय जिवाला लावून घेऊ नका. घरफोडीच्या विम्यात बहुधा बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण लागते. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये अशा अटीचा तोच अर्थ लावला. म्हणून तुटलेली कडी बदलण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्या. प्रथम माहिती अहवालाची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. चोर सापडला नाही, तर पोलिसांची ‘अ समरी’ मागितली जाते. गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा तिचा अर्थ. तुमच्यावरचा तो ठपका नव्हे. ती मिळण्यास महिने लागू शकतात. ते खेटे घरातील तरुणांनी घालावेत. आजोबांची झोप आणि गोळ्यांच्या वेळा त्यापायी मोडू नयेत.

कंपनीने दावा नाकारला, तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

आमच्या गृहस्थांचा अर्ज सुनेने लिहिला. निकाल यायचा आहे. गेल्या आठवड्यात मात्र ते केवळ गप्पा मारून निघाले होते. रक्तदाब मीच आठवणीने मोजला.